पेन टूलने फोटोचं कटिंग कसं करावं: घडी घातलेल्या चादरीवर शिकूया

सोलापुरी चादरीवरचा मोर लांबून छान गोलाईदार दिसतो. डोळा जवळ नेला की कळतं, त्याची मान धाग्याधाग्याच्या पायऱ्यांनी चढलेली आहे, कारण जॅकार्ड मागावरची नक्षी उभ्या-आडव्या धाग्यांतच बसवावी लागते. फोटोतही तसंच असतं, फक्त धाग्यांच्या जागी पिक्सेल, म्हणजे रंगाचे बारीक चौकोन. फोटोशॉपच्या मॅजिक वाँडने, म्हणजे सारख्या रंगाचे पिक्सेल निवडणाऱ्या टूलने, कापलेली कड खडबडीत येते ती म्हणूनच. पेन टूल पिक्सेल वेचत बसत नाही, दोन बिंदूंमधलं वळण गणिताने काढतं. या वळणांना बेझिए कर्व्ह म्हणतात. फ्रान्सच्या रेनो कंपनीत गाड्यांच्या आकारांवर काम करणाऱ्या पिएर बेझिए यांचं ते नाव.

सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या दुकानात काउंटरवर काढलेला चादरीचा फोटो कॅटलॉगसाठी पांढऱ्यावर घ्यायचाय, असं धरून चालू.

फोटोशॉपमध्ये फोटो उघडा, 'पी' दाबून पेन टूल घ्या. वरच्या पट्टीत 'शेप' असेल तर 'पाथ' (नुसती बाह्यरेषा) करा, नाहीतर आकारात रंग भरत जातो आणि खालची चादर झाकली जाते. झूम २०० टक्के ठेवा. स्पेसबार दाबून धरला की फोटो सरकवता येतो.

चादरीच्या कोपऱ्यावर क्लिक करा, सरळ कड संपते तिथे दुसरं क्लिक. झाली सरळ रेषा. क्लिक कडेच्या १-२ पिक्सेल आत करा, म्हणजे काउंटरचा रंग कडेला चिकटून येत नाही.

आता घडीची गोलाई. इथेच बहुतेकांचा हात अडतो. क्लिक करून बटण न सोडता, पुढे जायचंय त्या दिशेला ओढा. बिंदूतून दोन हँडल निघतील आणि रेषा त्यांच्या कलाने वळेल. हँडल पुढच्या बिंदूपर्यंतच्या अंतराच्या साधारण एक तृतीयांश पुरतं. नवशिका एका घडीवर दहा-दहा बिंदू टाकतो आणि कड उंचसखल होते. खरं तर तीन बिंदू पुष्कळ झाले: गोलाई सुरू होते तिथे, सर्वांत पुढे येते तिथे आणि संपते तिथे. मी कुणालाही शिकवताना आधी हीच एक घडी वीस वेळा काढायला लावतो. बोटांना ओढीचा अंदाज आला की बाकीचं आपोआप जमतं.

दोन घड्यांच्या मधल्या खाचेत रेषा एकदम दिशा बदलते. तिथल्या बिंदूवर ऑल्ट दाबून क्लिक करा. पुढचं हँडल जातं आणि तुम्ही नव्या दिशेला मोकळे. बिंदू चुकीच्या जागी पडला तर कंट्रोल धरून तो सरकवा, पुन्हा पहिल्यापासून काढू नका.

फिरून पहिल्या बिंदूपाशी आलात की कर्सरजवळ बारीक गोल दिसेल. क्लिक केलं की पाथ बंद होतो. लगेच पाथ्स पॅनेलमध्ये 'वर्क पाथ'वर डबल क्लिक करून नाव द्या. वर्क पाथ तात्पुरता असतो. तो निवडलेला नसताना नवा पाथ सुरू केला, तर जुन्याची जागा नवा घेतो. माझं अख्ख्या दुपारचं काम असं गेलं आहे.

मग त्याच पॅनेलच्या मेनूतून 'मेक सिलेक्शन', फेदर (कड किती मऊ ठेवायची ते) ०.५ पिक्सेल. चादरीऐवजी टॉवेल असेल तर १ द्या, नाहीतर त्याची लव कात्रीने कापल्यासारखी दिसते. सिलेक्शन झालं की डिलीट दाबू नका, लेअर मास्क, म्हणजे नको तो भाग न पुसता नुसता झाकणारा पडदा, लावा. मूळ फोटो शाबूत राहतो.

पेनने न जमणारी एक गोष्ट म्हणजे चादरीच्या दशा. तिथे पाथ दशांच्या बाहेरून न्या, थोडं काउंटर आत आलं तरी चालेल. मास्क लावल्यावर 'सिलेक्ट अँड मास्क' उघडा आणि रिफाइन एज ब्रश फक्त दशांवरून फिरवा. एकेक सूत सुटं दिसू लागेल.