लेकरू दिवसा सांगते, पण रात्री अंथरूण ओलं करते

आमचा पोरगा तीन वर्षाचा असतानाच शू-संडास सांगायला लागला, अंगणवाडीत कधी चड्डी ओली केली नाही, पण सहा पूर्ण झाले तरी आठवड्यातून तीन-चार रात्री अंथरूण ओलं व्हायचं. पहिले सहा महिने मी त्याला रागावली, शेजारच्या पोरीचं उदाहरण दिलं, दोनदा तर हातही उचलला. त्याने काहीच फरक पडला नाही, उलट तो झोपायलाच घाबरायला लागला. म्हणून ज्यांच्या घरी हेच चालू आहे त्यांच्यासाठी लिहिते, मला जे उशिरा समजलं ते तुम्हाला आधीच समजावं.

लेकरू हे मुद्दाम करत नाही. रात्री झोपेत आपल्या शरीरात एक हार्मोन वाढतो, त्याने लघवी कमी बनते, काही लेकरांमध्ये तो रात्रीचा पुरेसा वाढायला वेळ लागतो. लघवीची पिशवी भरल्याचा निरोप मेंदूकडे जातो पण झोप इतकी गाढ असते की लेकरू उठतच नाही. पाच वर्षाच्या शंभर लेकरांत अंदाजे पंधरा जण रात्री ओलं करतात, पोट्ट्यांमध्ये पोरींपेक्षा जास्त, आणि त्यातले बरेचसे दरवर्षी थोडेथोडे करून आपोआप बंद होतात. डॉक्टर लोकं तर पाच वर्षाच्या आत याला आजार मानतच नाहीत. आणि हे घराण्यात असते. मी एकदा लई वैतागून बोलत होती तर सासूबाई म्हणाल्या, "तुह्या नवऱ्यानं नऊ वर्षाचा होयेपर्यंत माह्या गोधड्या ओल्या केल्या, त्याले काय झालं?" हे ह्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. मग मी ह्यांना पोराजवळ बसवलं आणि त्याला सांगायला लावलं की मी पण करत होतो बेटा, मग थांबलं. त्या दिवशी पोरगा पहिल्यांदा मोकळा झाला, माझ्या मते एवढा उपयोग दुसऱ्या कशाचाच झाला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आपल्या विदर्भातल्या लोकांसाठी. कोणीही पहिला सल्ला देते की संध्याकाळनंतर पाणी बंद करा. थांबा. आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ या पट्ट्यात सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून लेकरात येणारा रक्ताचा आजार, आहे, आणि सिकलसेलच्या लेकरांची किडनी लघवी घट्ट करू शकत नाही, म्हणून त्यांना पातळ आणि भरपूर लघवी होते आणि रात्री अंथरूण ओलं होणं त्यांच्यात जास्त दिसते. अशा लेकराचं पाणी तोडलं तर अंगातलं पाणी कमी होऊन दुखण्याचा अटॅक येऊ शकते. हातपाय सुजणं, हाडं-सांधे दुखणं, डोळे पिवळसर, सतत फिकट, लवकर थकते, किंवा घरात कोणाला सिकलसेल आहे, यातलं काही असेल तर आधी टेस्ट करा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात विचारा, आशाताईला सांगितलं तरी ती रस्ता दाखवते. २०२३ च्या जुलैपासून सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम चालू आहे, तपासणी त्यातच होते. पहिली टेस्ट पॉझिटिव्ह आली तर घाबरू नका, पक्कं करायला इलेक्ट्रोफोरेसिस नावाची दुसरी टेस्ट करतात, त्याशिवाय लेकरू वाहक आहे (दोष अंगात, पण आजार नाही) की पेशंट ते पक्कं कळत नाही.

दुसरं, जे लेकरू सहा महिने किंवा त्याहून जास्त कोरडं झोपत होतं आणि अचानक पुन्हा सुरू झालं, त्याला दाखवाच. नवं बाळ आलं, शाळा बदलली, घरी भांडण, कोणी वारलं अशी कारणं असू शकतात. कोणी त्रास देत असेल, तेही हळूच विचारून पाहा. पण लघवी करताना जळजळ, ताप, लघवीला घाण वास असेल तर लघवीची तपासणी लागते. आणि लेकराला खूप तहान लागते, रात्री उठून उठून पाणी पिते, वजन उतरलं, थकलं, तर त्याच दिवशी शुगर तपासा, सकाळची वाट पाहू नका, लहानपणची शुगर दोन-चार दिवसात जिवावर येऊ शकते. तोंड उघडं ठेवून जोरात घोरते तेही डॉक्टरला सांगा.

पोट साफ नसणं हे कारण लोकांना पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. पण आतडं भरलेलं असलं की ते लघवीच्या पिशवीला दाबते आणि पिशवीत जागाच कमी राहते. आमचा पोरगा तीन-तीन दिवस संडासला जात नव्हता, बिस्कीट आणि पुड्यातलं खाणं सुटत नव्हतं. मी ज्वारीची भाकर, डाळभाजी, पपई, पेरू, संत्र्याच्या फोडी वरच्या पातळ पापुद्र्यासकट चालू केल्या, आणि जेवण झाल्यावर रोज दहा मिनिटं संडासात बसवायला लागली, घाई न करता. महिनाभरात फरक दिसला. संडासच्या जागी रात्री खाज येत असेल तर जंत असू शकतात, त्यासाठी डॉक्टरला दाखवा, शिवाय १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला अंगणवाडीत-शाळेत मिळणारी जंताची गोळी चुकवू नका.

सिकलसेल नसेल तर पाण्याचा हिशोब असा ठेवा की दिवसभर भरपूर, संध्याकाळी बेताचं. आपली पोरं शाळेत पाणी पितच नाहीत कारण तिथलं संडास त्यांना आवडत नाही, मग घरी येऊन दोन-तीन गिलास एकदम ढोसतात आणि ते सगळं रात्री उतरते. सकाळ आणि दुपार मिळून बहुतेक पाणी झालं पाहिजे. मे महिन्यात ४५ च्या गर्मीत रात्री पण तहानलेलं ठेवू नका. संध्याकाळचा चहा मात्र बंद करा, आमच्याकडे पोरांना सगळेच चहा-टोस्ट देतात, चहाने लघवी वाढते. तीळगूळ द्या म्हणतात, खायला चांगलं आहे, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

झोपायच्या आधी दोनदा शू, एकदा जेवल्यावर आणि एकदा अंथरुणात जायच्या वेळेस. आता आमचं संडास मागच्या आवारात, पावसाळ्यात सापाविंचवाची भीती, लाईन गेलेली, लेकरू रात्री उठलं तरी जायला घाबरते आणि दाबून ठेवते. म्हणून आम्ही दाराजवळ झाकणाचा डबा ठेवला आणि उशाशी टॉर्च, त्याला सांगितलं बेटा तिथेच कर, सकाळी मी टाकते. तुम्ही झोपायच्या आधी त्याला उठवलं तर पूर्ण जागं करून उठवा, झोपेत उचलून नेलं तर फक्त अंथरूण वाचते, लेकरू काही शिकत नाही.

अंथरूण असं घाला: बाजेवर गादी, त्यावर मेनकापड, त्यावर जुन्या सुती साडीची चौपदरी घडी, त्यावर परत मेनकापड आणि परत सुती घडी. रात्री ओलं झालं की वरचे दोन काढून टाकायचे, खालचं तयारच आहे, दोन मिनिटात लेकरू परत झोपलं. गोधडी बाजूला वेगळी ठेवा कारण ती वाळायला हिवाळ्यात दोन दिवस जातात. ओले कपडे आधी थंड पाण्यातून काढा, मग साबण, मग कडक ऊन. सकाळी लेकराचं अंग पाण्याने पुसून काढा नाहीतर शाळेत वास येतो आणि पोरं चिडवतात. कपडे काढायला त्याची मदत घ्या, पण शिक्षा म्हणून नाही.

काही घरी चटका देतात, काही जण शेजाऱ्यांना सांगून लाजवतात. याने लेकराच्या मनात कायमचं बसते. कोरड्या रात्रीचं बक्षीस पण ठेवू नका, ते त्याच्या हातात नाही, बक्षीस द्यायचं तर झोपताना शू केली, दिवसा पाणी प्यायलं त्याचं द्या.

सहा-सात वर्ष झाले आणि हे सगळं करूनही त्रास चालूच आहे तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. ओलं झालं की वाजणारा एक अलार्म मिळते, दोन-तीन महिने नेटानं लावावा लागते आणि सुरुवातीला तो आईबापालाच उठवते, लेकराला नाही. औषधही आहे, त्याने रात्रीची लघवी कमी बनते, पण ते घेतल्यावर रात्रभर पाणी जास्त प्यायचं नसते, म्हणून डॉक्टरशिवाय मेडिकलमधून आणून देऊ नका.

उन्हाळ्यात मामाच्या गावी किंवा लग्नाला जाताना पोरगा आता स्वतः विचारते, आई मेनकापड घेतलं का. मी मामीला आधीच फोन करून सांगून ठेवते की त्याला भिंतीकडे माझ्याजवळच झोपवशील, आणि सकाळी कोणासमोर विषय काढू नको. मामीनं एकदाही काढला नाही.