घरच्या वायफायचा कोटा कोण खातंय ते कसं शोधायचं

आमच्या जुळे सोलापुरातल्या घरी नेटच्या बिलिंग सायकलचे, म्हणजे रिचार्जच्या महिन्याचे, वीसेक दिवस झाले की नेटची बैलगाडी व्हायची. केबलवाल्याला फोन केला की एकच उत्तर, "लाईन ओके दाखवतंय, राउटर बंद करून चालू करा." दोन महिने मी तेच करत बसलो, मग कळलं की ५०० जीबीचा कोटाच संपलेला असतोय आणि त्यानंतर स्पीड मुद्दाम उतरवतात.

म्हणून स्पीड टेस्ट नंतर, आधी प्लॅन बघा. जाहिरातीत 'अनलिमिटेड' असलं तरी खाली बारीक अक्षरात एफयूपी, म्हणजे किती जीबीपर्यंत पूर्ण स्पीड मिळणार त्याची मर्यादा, लिहिलेली असतीय. मोठ्या कंपन्यांच्या बऱ्याच प्लॅनला ३३०० जीबी म्हणजे दिवसाला ११० जीबी मिळतं, साध्या घराला ते संपवायचं म्हटलं तरी लै अवघड. लोकल स्वस्त प्लॅनमध्ये आकडा कमी असू शकतोय, तेव्हा सरळ विचारा की कोटा किती, संपल्यावर स्पीड किती, अपलोडपण मोजता का, आणि सायकल कुठल्या तारखेला सुरू होतीय, कारण बऱ्याच ठिकाणी एक तारखेपासून नाही तर रिचार्जच्या दिवसापासून मोजतात आणि आपण उगाच कॅलेंडर बघत बसतो.

मग कंपनीच्या ॲपमध्ये किंवा लॉगिन पेजवर रोजचा वापर बघा. आपल्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड येतंय, त्यामुळं टाकी कुठं गळतीय हे घरातल्या बाईला लगेच कळतं, तसंच हे शोधायचं. रात्री झोपताना आकडा लिहून ठेवा, सकाळी उठल्या उठल्या परत बघा. सगळे झोपलेले असताना पाच-सात जीबी गेलं असेल तर कायतरी गुपचूप चालू आहे.

आमच्याकडं ते निघालं कॅमेऱ्याचं. गेटवर दोन सीसीटीव्ही, दिवसरात्र क्लाउडवर रेकॉर्डिंग. एक कॅमेरा सतत १ एमबीपीएसनं अपलोड करत राहिला तर दिवसाला जवळपास ११ जीबी जातात, दोन कॅमेऱ्यांचे महिन्याला साडेसहाशे! म्हणजे आम्ही काय बघितलंच नाही तरी कोटा संपणारच. इलाज सोपा आहे, कॅमेऱ्यात मेमरी कार्ड टाका, रेकॉर्डिंग त्याच्यावर घ्या आणि क्लाउडवर फक्त मोशन झालं तरच जाऊ द्या. पण कॅमेरा रस्त्याकडं असेल तर जाणारी प्रत्येक रिक्षा त्याला मोशन वाटती, म्हणून सेटिंगमध्ये झोन फक्त गेटपुरता आखा, नाहीतर फरक पडणार नाही.

कॅमेरा नसेल तर टीव्ही बघा. नेटफ्लिक्स एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत घेतंय, फोर-केला ७ पर्यंत. रोज तीन तास फोर-के म्हणजे महिन्याला ६३० जीबी. लहान टीव्हीवर तसा फरकपण दिसत नाही राव, क्वालिटी खाली आणा.

विंडोजच्या लॅपटॉपवर वायफायच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' (म्हणजे नेट मोजूनमापून आहे असं विंडोजला सांगायचं) चालू करा आणि विंडोज अपडेटच्या सेटिंगमध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' बंद करा, कारण ते चालू असलं तर तुमचा लॅपटॉप बाहेरच्या कॉम्प्युटरला अपडेटचे तुकडे पाठवू शकतोय, तेपण तुमच्या कोट्यातून. पोरांच्या गेमचे ऑटो अपडेट, मोबाईलचा व्हिडिओ बॅकअप, हेपण बघून घ्या. राउटरच्या ॲपमध्ये किती डिव्हाइस जोडलेत ते मोजा, अनोळखी नाव दिसलं तर पासवर्ड बदला. शेजाऱ्यांना वाईट वाटलं तर वाटू दे.

कोटा शिल्लक असून व्हिडिओ कॉल अडकत असेल तर दुखणं वेगळं, त्यावेळी कायतरी अपलोड लाईन अडवून बसलेलं असतंय. बॅकअप थांबवा, कामाचा लॅपटॉप वायरनं जोडा, आणि राउटरमध्ये क्यूओएस (कुठल्या डिव्हाइसला आधी नेट द्यायचं ते ठरवायची सोय) असेल तर त्या लॅपटॉपला पहिला नंबर द्या.

आमचे आता महिनाअखेरीस दीडशे जीबी उरतात, आणि ते बघून बाबांनी परत फोर-के लावायला सुरुवात केलीय.