कांद्याला थंडी लक्षात राहते. डेंगळे टाळायचे तर रोपाचे वय मोजा

जानेवारीच्या अखेरीस रांगड्याच्या (खरीप आणि रब्बीच्या मधल्या हंगामातल्या कांद्याच्या) वावरात पातीतून पोकळ फुलदांडे, म्हणजे डेंगळे, वर निघू लागले की आधी बियाणेवाल्याच्या नावाने बोटे मोडली जातात, मग चार दिवसांपूर्वीच्या थंडीच्या. बियाणे कधीकधी दोषी असतेही. पण चार दिवसांच्या थंडीने डेंगळा येत नाही. तो डिसेंबरातच ठरलेला असतो.

कांद्याचा वाढीचा कोंब रोपाच्या बुडाशी असतो. साधारण ८ ते १३ अंशांचा गारवा काही आठवडे मिळाला की तिथे फुलोऱ्याची तयारी होते आणि पुढे ऊब आली तरी सहसा मोडत नाही. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या रोपट्यात हे बारकाईने तपासले गेले आहे. त्यातले एफएलसी नावाचे जनुक फुलोरा अडवून धरते, लांबलेल्या थंडीत ते बंद होते आणि नव्या पेशी तयार झाल्या तरी बंदच राहते. आठवण म्हणायची ती हीच. कांद्यातली जनुके वेगळी आहेत, पण गारव्याचा हिशेब तोही ठेवतो.

आपल्या कामाची गोष्ट अशी की कोवळ्या रोपाला हा हिशेब ठेवता येत नाही. रोपाची मान, म्हणजे पातीचा खालचा जुळलेला भाग, पेन्सिलीएवढी जाड झाली की थंडी लागू पडते. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा पारा एक आकडी होतो तेव्हा तुमचे रोप किती मोठे आहे, यावर बरेच काही ठरते. रांगडा ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागतो आणि ऐन थंडीत मोठा झालेला असतो, म्हणून डेंगळ्यांचा त्रास त्यालाच जास्त.

उन्हाळ, म्हणजे रब्बी, कांद्याचे उळे (रोपांसाठीचे बी) आता टाकत असाल तर लागणीची तारीख आधी ठरवा आणि तिथून ५० ते ५५ दिवस मागे मोजा. मजूर मिळाले नाहीत, पाण्याची पाळी चुकली, म्हणून रोप ७० दिवसांचे होते. मग तेच जाड, दणकट रोप आपण कौतुकाने आधी लावतो. मला विचाराल तर जाड मानेची रोपे बाजूला काढावीत, तुटवडा असला तरी. वाण हंगामाचाच हवा: रब्बीला एन-२-४-१, भीमा शक्ती किंवा भीमा किरण. बसवंत ७८० खरिपाचा. तो रब्बीत लावला तर डेंगळे आणि जोडकांदे दोन्ही वाढतात.

नत्राची ओढाताण झालेले पीकही लवकर डेंगळ्यावर जाते. अर्धे नत्र लागणीला, उरलेले ३० आणि ४५ दिवसांनी दोन हप्त्यांत द्या. त्यानंतर युरिया नको, माना जाड राहतात आणि कांदा साठवणीच्या चाळीत टिकत नाही.

बीजोत्पादनासाठी कांदे लावणाऱ्यांना मात्र थंडी हवीच, ती नीट मिळाली नाही तर फुलांचे गोंडे कमी येतात. लसणाचेही तसेच. उशिरा लावला आणि गारवा पुरला नाही तर पाकळ्या नीट सुटत नाहीत, एककळी गड्डे निघतात.

वावरात डेंगळे निघालेच तर दांडा मोडून कांदा पूर्ववत होत नाही, मधला कडक भाग राहतोच. असे कांदे काढणीलाच वेगळे करा, आधी विका, चाळीत भरू नका.