सांगलीत बसून दूरच्या मित्रांसोबत रोलप्लेइंग गेम कसा चालवावा

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवलं, तेव्हा पात्रांना पाठ करायला संवाद लिहून दिलेले नव्हते. सूत्रधार पद्यं म्हणत कथा पुढे न्यायचा आणि प्रसंग आला की पात्रं आपलं बोलणं जागच्या जागी रचायची. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम बराचसा याच रीतीने चालतो, त्यात फाशांची भर. एक जण गेम मास्टर, म्हणजे सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपण काय करतो ते सांगतात. निकाल कुठेही लागू शकतो अशी वेळ आली की फासे टाकायचे. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ अमेरिकेत बाजारात आला आणि हा प्रकार रुजला.

शाळेतली टोळी आता पुणे, बेंगळुरू, डब्लिन अशी पांगली असेल तर हाच खेळ कॉलवर छान चालतो. मात्र बहुतेक नवे लोक आधी नकाशे आणि सॉफ्टवेअर यांच्या मागे लागतात. ऑनलाइन खेळ आवाजावर उभा असतो. बाकी सगळं नंतर.

१. माणसं आणि वेळ ठरवा

सूत्रधार सोडून तीन खेळाडू उत्तम, चार चालतील. एका खोलीत सहा जण सहज खेळतात, कारण तिथे दोघं कोपऱ्यात कुजबुजले तरी बिघडत नाही. कॉलवर दोघं एकदम बोलले की दोघांचंही कळत नाही.

वेळ भारतीय घड्याळानेच जाहीर करा. शनिवारी रात्री ९ म्हणजे डब्लिनला उन्हाळ्यात दुपारचे साडेचार आणि हिवाळ्यात साडेतीन. न्यूयॉर्कला सकाळचे साडेअकरा किंवा साडेदहा. अमेरिका आणि युरोप आपली घड्याळं वेगवेगळ्या रविवारी बदलतात, त्यामुळे मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास ग्रुपवर एकदा वेळ पुन्हा टाकावी. बैठक अडीच तासांची, मध्ये दहा मिनिटं चहाला. एक जण आला नाही तरी खेळायचं, दोघं नसतील तर रद्द, हा नियम पहिल्याच दिवशी सांगून टाका. नाहीतर ‘सगळ्यांना जमेल तेव्हा’ म्हणता म्हणता दिवाळी येते.

२. कॉलची सोय

व्हिडिओ कॉलच्या फुकट सोयींना वेळेची मर्यादा असते. गुगल मीटवर तिघांचा किंवा त्याहून मोठा फुकट कॉल तासाभरात संपतो, तोही नेमका कोणी दार उघडत असताना. म्हणून डिस्कॉर्ड हे गटाने बोलण्याचं आणि मेसेज टाकण्याचं ॲप बरं. तिथे आपला एक सर्व्हर, म्हणजे टोळीची स्वतःची जागा, फुकट काढा. त्यात बोलण्यासाठी एक चॅनेल, फाशांसाठी एक आणि गप्पांसाठी एक ठेवा. गप्पांचं वेगळं नसेल तर क्रिकेटचा स्कोअर फाशांमध्ये येऊन पडतो.

कॅमेरा बंद राहिला तरी चालेल. तिथला आवाज साधारण ६४ केबीपीएसने जातो, म्हणजे एक जण सलग तासभर बोलला तरी तीसेक एमबी. गावाकडच्या मोबाइल डेटावरही हे निभतं. हेडफोन मात्र सक्तीचे करा. ज्याच्या घरी कुकरच्या शिट्ट्या किंवा टीव्ही असेल त्याने पुश-टू-टॉक लावावं, म्हणजे बटण दाबल्यावरच माइक सुरू होतो. लाइट जाणार हे गृहीत धरा: सूत्रधाराने राउटरला छोटा यूपीएस जोडावा आणि फोनचं हॉटस्पॉट तयार ठेवावं.

३. नियम हलके घ्या

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मोकळ्या परवान्याखाली फुकट मिळतात. पण ती पानं बरीच आहेत आणि नोकरी करणारे मित्र ती वाचत नाहीत. पहिल्या खेळाला एवढंच पुरे: सहा बाजूंचे दोन फासे टाका आणि बेरीज करा. ६ किंवा कमी आलं तर बेत फसला. ७ ते ९ आलं तर जमलं, पण काहीतरी किंमत मोजून. १० किंवा जास्त आलं तर पूर्ण जमलं. छत्तीस शक्यतांपैकी पंधरा पहिल्या गटात, पंधरा मधल्यात आणि सहा शेवटच्या गटात पडतात. पात्राला ज्या कामात गती आहे तिथे एक मिळवा; मग फसण्याच्या शक्यता पंधरावरून दहावर येतात. गोष्ट खरी रंगते ती मधल्या गटात.

फासे डिस्कॉर्डवरच्या एखाद्या बॉटने, म्हणजे मेसेज टाकला की आपोआप उत्तर देणाऱ्या प्रोग्रॅमने, टाकता येतात. घरात ल्युडोचे फासे असतील तर तेच टाका आणि आकडा सांगा. मित्रांवर एवढा विश्वास नसेल तर प्रश्न फाशांचा नाही.

४. काय नको ते आधी विचारा

पहिल्या बैठकीआधी अर्धा तास फक्त बोलण्यासाठी ठेवा. गोष्ट विनोदी की भीतीची, पात्र मेलं तर चालेल का, कोणता विषय अजिबात नको. सांगलीत हे विचारायला ठोस कारण आहे. २०१९ च्या पुरात ज्याच्या घरात पाणी शिरलं त्याला खेळातला पूर करमणूक वाटेलच असं नाही. खेळ सुरू असताना कोणीही चॅटमध्ये नुसतं फुलीचं चिन्ह टाकलं की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही.

५. तयारी: एक जागा, तीन माणसं, एक घड्याळ

पानंच्या पानं कथा लिहू नका. खेळाडू दुसऱ्याच वाक्याला ती मोडतात. त्यापेक्षा आपल्या ओळखीची जागा घ्या. परदेशी गुहा आणि किल्ले कशाला, सांगलीजवळच्या आपल्या हरिपूरला हळदीची पेवं होती. हळद साठवायची ही कोठारं जमिनीत खणलेली, तोंड अरुंद आणि पोट मोठं. पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे. बंद हवा जीव घेते, म्हणून हवा खेळू द्यायची आणि कंदील सोडून बघायचा. खेळासाठी सापळा आयता तयार आहे.

आता तीन माणसं. अडत्या, ज्याला पेव आजच उघडायचं आहे. म्हातारा हमाल, ज्याला आत काय आहे ते माहीत आहे पण तो सांगत नाही. आणि अडत्याची बहीण, जिला पेव कधीच उघडू द्यायचं नाही. प्रत्येकाला काय हवंय ते एका ओळीत लिहा. संवाद लिहू नका.

घड्याळ म्हणून कृष्णा घ्या, पुराला सगळ्यांची हरकत नसेल तर. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. खेळ ३६ फुटांवर सुरू करा, दर वीस मिनिटांनी दोन फूट चढवा आणि आकडा चॅटमध्ये टाका. खेळाडू उगाच वाद घालत बसले की पाणी त्यांना हलवतं, सूत्रधाराला रागवावं लागत नाही.

६. नकाशा लागलाच तर

वहीवर काढलेल्या पेवाचा फोटो ग्रुपवर टाकला तरी पहिली बैठक पार पडते. सोंगट्या हलवायच्या असतील तर ब्राउझरमध्ये चालणारं आउलबेअर रोडिओ सोपं आहे. रोल२० मध्ये पात्रांचे तक्ते आणि फासेही आहेत, आणि सुरुवातीला तेही फुकट वापरता येतं. फाउंड्री हे याच कामाचं सॉफ्टवेअर एकदाच विकत घ्यावं लागतं, तेही फक्त सूत्रधाराला. पण ते घरच्या संगणकावरून चालवताना अडचण येते: आपल्याकडे अनेक इंटरनेट जोडण्यांमध्ये बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता असतो, त्यामुळे बाहेरच्या मित्राला आत येता येत नाही. चार-सहा महिने खेळ टिकला तरच त्या वाटेला जा.

७. प्रत्यक्ष चालवताना

‘आता काय करताय सगळे?’ असं कधी विचारू नका. कॉलवर या प्रश्नाला शांतता हेच उत्तर मिळतं. नाव घ्या: “निखिल, कंदील विझला. दोर तुझ्या हातात आहे. काय करतोस?” मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. कोणाची पाळी बराच वेळ आली नाही ते वहीत खुणा करून बघत राहा. लाजरा मित्र ऑनलाइन पटकन अदृश्य होतो. एकालाच कळायला हवी अशी गोष्ट त्याला खाजगी मेसेजने पाठवा. हे समोरासमोर बसून इतक्या सफाईने जमत नाही, आणि बहिणीने एकाच्याच कानात सांगितलेलं गुपित बाकीच्यांना बराच वेळ छळतं.

चेहरा दिसत नाही, म्हणून वर्णनात डोळ्यांपेक्षा नाक-कान वापरा: हळदीचा कोंदट वास, वर पत्र्यावर पाऊस. वर्णन तीन वाक्यांत संपवा. हमाल बोलेल तो इकडच्याच बोलीत, “आरं, कुठं उतराय लागलायस?” बेंगळुरूला राहून सफाईदार इंग्रजी बोलणारा मित्रही मग आपोआप त्याच सुरात उत्तर देतो.

ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी थांबा, गोष्ट अर्धवट असली तरी. उरलेल्या वेळात प्रत्येकाला विचारा की पुढच्या वेळी त्याचं पात्र कुठे जाणार. तुमची तयारी तेवढ्याच दिशेची करायची. आणि आज जे झालं ते दोन मिनिटांच्या व्हॉइस नोटमध्ये ग्रुपवर सांगायचं काम आळीपाळीने खेळाडूंना द्या; जो आला नव्हता त्याला पुढच्या शनिवारी तेवढं पुरतं.