नेरूळच्या खाडीकाठी फिरायला जाताय? आधी तिथी बघा

ज्वेल ऑफ नवी मुंबई या तिथल्या उद्यानाची वाट सपाट, त्यामुळे आजी-आजोबांनाही सहज झेपते. पण थंडीपासून मेपर्यंत जात असाल तर फक्त घड्याळ पाहून निघू नका, भरतीही बघा. ओहोटीला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दूर चिखलात चरत असतात, दुर्बिणीशिवाय नुसते गुलाबी ठिपके. भरतीने चिखल बुडाला की ते जवळच्या टीएस चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेमागच्या पाणथळीत येऊन उभे राहतात.

भरतीची वेळ काढायला ॲप लागत नाही. कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. दशमी म्हणजे १० ची पाऊणपट, साडेसात. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला १५ धरा, सव्वाअकरा येतात. उन्हात कशाला जायचं! दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने चुकतो, फिरायला तेवढं चालतं.

म्हणून सकाळच्या फेरीला दशमी-एकादशी, संध्याकाळी सप्तमी-अष्टमी. पक्ष शुद्ध असो वा वद्य. सीवूड्स स्टेशनला उतरून रिक्षा करा. पाणी घरूनच न्या, आणि पाणथळीत उतरू नका, पक्षी उडतात.