दिवस लहान झाल्यावर पहाटेची ग्रुप राईड कशी काढावी

दसरा झाला की बेळगावातले पहाटेचे सायकल ग्रुप विरळ व्हायला लागतात. थंडीचं निमित्त असतं, खरं कारण अंधार. मेअखेर इथे सहाला सूर्य उगवतो, ऑक्टोबरअखेर साडेसहाला. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरला येतो, पण सूर्योदय त्यानंतरही लांबत जातो आणि संक्रांतीच्या सुमारास सातवर पोचतो. म्हणजे साडेपाचला निघणाऱ्याला तासभराहून जास्त काळोख. एवढ्यासाठी राईड बंद करू नका, काढायची पद्धत बदला.

आधी रस्ता आखा

अंधाराचा वेळ दिव्यांच्या रस्त्यावर घालवायचा आणि उघड्या रस्त्याला उजाडल्यावरच लागायचं, हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा नियम. वेंगुर्ला रोडने शिनोळीकडे जायचं असेल तर आधी टिळकवाडी, कॅम्प, क्लब रोड अशा फेऱ्या मारून अंग गरम करा आणि फटफटायच्या बेताला हिंडलग्याच्या गणपती मंदिरापाशी या. सूर्योदयाच्या वीसेक मिनिटं आधी रस्त्यावरचा खड्डा दिव्याशिवायही दिसू लागतो. मग सुळगा, तुरमुरी, बाची असं मोकळ्या मनाने जाता येतं. धुकं दाट असेल तर त्या दिवशी शहरातच फेऱ्या मारा.

दिवे

पुढे पांढरा, मागे लाल, प्रत्येकाच्या सायकलला. मोठ्या झोताचा दिवा फक्त रांगेतल्या पहिल्याने पूर्ण लावायचा, बाकीच्यांनी मंद करून खाली झुकवायचा, नाहीतर पुढच्याची स्वतःचीच सावली त्याच्या वाटेवर पडते. मागचा लुकलुकता दिवा फक्त शेवटच्याने लावावा. मधल्यांचे स्थिर ठेवा, कारण डोळ्यांसमोर सतत लुकलुकणाऱ्या दिव्यामुळे मागच्याला अंतराचा अंदाज येत नाही. चमकणारी पट्टी पाठीवर असतेच, घोट्यालाही बांधा. पायडल मारताना ती वरखाली हलते आणि पुढे सायकलवाला आहे हे ड्रायव्हरला लांबूनच कळतं.

चार्जिंग रात्रीच करा.

वेग आणि रांग

ताशी २५ किलोमीटरने जाताना सायकल सेकंदाला ७ मीटर पुढे जाते. दिव्यात खड्डा २० मीटरवर दिसला तर हातात तीन सेकंदही नाहीत, आणि मागच्याला त्याहून कमी. म्हणून उजाडेपर्यंत १८-२० चा वेग, एकेरी रांग, दोघांत निदान एका सायकलीचं अंतर. हाताच्या खुणा काळोखात दिसत नाहीत. पहिल्याने तोंडाने सांगायचं, 'खड्डा डावीकडे', 'हंप', 'गाडी मागे', आणि प्रत्येकाने ते मागे पोचवायचं. नवा माणूस मधे ठेवा, शेवटी नको. शेवटचा अनुभवी हवा, कारण कोण मागे पडलं हे फक्त त्यालाच कळतं.

रस्त्यात काय आडवं येतं

या दिवसांत आपल्या भागात भाताची सुगी असते. मळणीसाठी पीक रस्त्यावर पसरतात, रात्री ढीग झाकून कडेने दगड लावतात. अंधारात ढीग दिसतो, त्याच्या अलीकडचा दगड दिसत नाही. म्हणून ढिगाच्या बरंच आधीच उजवीकडे सरकायला लागा, अर्थात मागे बघून. पसरलेल्या पिंजरावरून, म्हणजे पेंढ्यावरून, पायडल न मारता जा. एक काडी मागच्या गिअरच्या चाकांत गुंडाळली की चेन अडकते आणि ती काढायला दहा मिनिटं जातात. पीक त्यांच्या वर्षभराच्या कष्टाचं आहे, त्यावरून घसरत मजा करू नका.

उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर लागतात. समोरून एकच दिवा येतोय म्हणून ती मोटरसायकल समजू नका, ट्रॅक्टरचा दुसरा दिवा बंद असू शकतो. बाजूला उसाचे शेंडे हातभर बाहेर आलेले असतात, तेव्हा डांबराची कड धरून वेग कमी करा. ट्रॉलीच्या मागे चिकटून तर कधीच जाऊ नका, कारण वरून पडलेलं कांडं चाकाखाली आलं की गोल फिरतं आणि सायकल आडवी होते.

आणि भरतीची तयारी करणारी आपली पोरं! गावागावांतून ती पहाटे गडद कपड्यांत पळत असतात. दुरूनच बेल वाजवा, त्यांना रस्ता द्या आणि ओळख झाली की चमकणारी पट्टी घालायला सांगा.

पंक्चर झालं तर

सगळ्यांनी डांबर सोडून खाली उतरायचं. सायकल उलटी केली की तिचा मागचा दिवा खाली जातो, म्हणून दुसऱ्या एकाने वीस-तीस पावलं मागे जाऊन आपला लाल दिवा येणाऱ्या गाड्यांकडे धरावा. काटा शोधायला टायरच्या आतून सुती फडकं फिरवा. जिथे अडकेल तिथे काटा, बोटही वाचतं.

परतताना

शिनोळीहून बेळगावकडे येताना तोंड पूर्वेला असतं आणि हिवाळ्यात सूर्य नेमका रस्त्याच्या टोकाशी येतो. आपण डोळ्यांवर हात धरतो, पण मागून येणाऱ्या ड्रायव्हरलाही तोच सूर्य डोळ्यांत जातो आणि आपण त्याला दिसतच नाही. चांगलं उजाडलंय म्हणून लाल दिवा बंद करायची सवय असते, ती मोडा. घरी पोचेपर्यंत तो चालू ठेवा, आणि सूर्य समोर असेपर्यंत एकेरी रांगही मोडू नका.