पुण्याच्या हवेत चेहऱ्याला विच हेझल कसे लावावे

विच हेझल हे उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात वाढणारे झुडूप आहे. त्याची साल आणि पाने यांच्या अर्कात टॅनिन असते, आणि हिरडा चघळल्यावर तोंड जसे आवळून येते, तसाच परिणाम हे टॅनिन त्वचेच्या अगदी वरच्या थरावर करते. दुपारपर्यंत तेलाने चकाकू लागणारे कपाळ, नाक आणि हनुवटी यांना त्याचा चांगला उपयोग होतो. रंध्रे कायमची बारीक होतील, काळे डाग जातील, मुरूम मुळापासून बरे होतील, असे सांगणाऱ्यांवर मात्र विश्वास ठेवू नये, कारण रंध्रे केवळ काही काळ लहान दिसतात आणि डागांशी या अर्काचा काहीही संबंध नाही.

बाटली घेताना पुढच्या बाजूची जाहिरात वाचू नये, मागची घटकांची यादी वाचावी. यादीत घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात, त्यामुळे हॅमामेलिस व्हर्जिनियाना हे विच हेझलचे शास्त्रीय नाव वर आणि सुगंधी द्रव्ये शक्यतो कुठेच नाहीत, अशी बाटली निवडावी. विच हेझलचा पारंपरिक अमेरिकन अर्क ऊर्ध्वपातनाने काढतात. त्यात टॅनिन फारसे उरत नाही आणि सुमारे १४ टक्के अल्कोहोल असते, म्हणून तो लावल्यावर जाणवणारा ताण पुष्कळदा अल्कोहोलचाच असतो. चेहऱ्यासाठी अल्कोहोलविरहित टोनरच घ्यावा. यादीत सेटिल किंवा सेटिअरिल अल्कोहोल दिसले तर घाबरण्याचे कारण नाही, कारण ते मेणासारखे स्निग्ध घटक असून त्वचा कोरडी करत नाहीत. होमिओपॅथीच्या दुकानात हॅमामेलिसचे मदर टिंक्चर, म्हणजे अल्कोहोलमध्ये काढलेला मूळ अर्क, मिळते आणि ते स्वस्त पडते म्हणून चेहऱ्याला लावण्याचा सल्ला अनेक जण देतात. त्यात अल्कोहोलचे प्रमाण मोठे असते, त्यामुळे ते चेहऱ्याला तसेच लावू नये.

कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून दोन दिवस वाट पाहावी. लाली किंवा खाज आली, तर बाटली बाजूला ठेवावी. ज्यांना इसब किंवा रोझेशिया (चेहरा वारंवार लाल होण्याचा त्वचाविकार) आहे, त्यांनी हा प्रयोग त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय करूच नये.

आता प्रत्यक्ष लावण्याकडे येऊ. मला सर्वांत जास्त काळ याच टप्प्याने सतावले आणि सर्वांत चुकीचे सल्लेही याच टप्प्याबद्दल दिले जातात. सौम्य फेसवॉशने चेहरा धुतल्यावर तो टॉवेलने खसखसून पुसू नये, नुसता टिपावा, म्हणजे त्वचेवर किंचित ओल राहते. कापसाचा बोळा आधी साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळावा आणि मग त्यावर विच हेझलचे चार-पाच थेंब घ्यावेत. कोरडा कापूस अर्क स्वतःच पिऊन टाकतो, म्हणून माणूस आणखी ओततो, आणि शेवटी चेहऱ्यावर गरजेपेक्षा कितीतरी जास्त अर्क जातो. हा बोळा कपाळाच्या मध्यावर, नाकाच्या दोन्ही कडांवर आणि हनुवटीवर हलकेच दाबावा. घासू नये. गाल बहुतेकांचे कोरडेच असतात, ते सोडून द्यावेत. डोळ्यांच्या आणि ओठांच्या कडांपासून दूर राहावे.

बोळ्यावर करडा पट्टा उमटला की लोक तो पूर्ण पांढरा निघेपर्यंत चेहरा पुसत राहतात, आणि माझा खरा आक्षेप याच सवयीला आहे. स्वारगेटहून हिंजवडीपर्यंत दुचाकीवर गेलेल्या माणसाच्या कपाळावर, स्कार्फ बांधलेला असला तरी, धूळ, घाम आणि सनस्क्रीन यांचा थर बसतो, आणि तो काढण्याचे काम फेसवॉशचे आहे. बोळा करडा निघाला, तर याचा अर्थ चेहरा नीट धुतला गेला नाही एवढाच घ्यावा आणि पुन्हा पाण्याकडे जावे. विच हेझलने मळ काढण्याच्या नादात त्वचेचे संरक्षक आवरण दुखावते, मग साधे क्रीमही चुरचुरते आणि नाकाच्या कडेला बारीक कोंड्यासारखे पापुद्रे सुटतात. चेहरा ओढल्यासारखा वाटू लागला की तो स्वच्छ झाला, ही समजूत घट्ट रुजलेली आहे आणि ती साफ चुकीची आहे. लावून दहा मिनिटे झाल्यावर तोंड मोठे उघडून पाहावे; नाकाच्या आजूबाजूला किंवा हनुवटीवर ताण जाणवला, तर पुढच्या वेळी थेंब कमी करावेत.

अर्क पूर्ण वाळण्याआधी, म्हणजे मिनिटभरात, मॉइश्चरायझर लावावे. तेलकट त्वचेच्या लोकांनी जेलसारखे हलके घ्यावे, पण टाळू नये. सकाळ असेल तर त्यावर सनस्क्रीन.

किती वेळा लावायचे, हे पुण्यात ऋतू पाहून ठरवावे. जून ते सप्टेंबर हवा दमट असते, तेव्हा रोज संध्याकाळी एकदा चालते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा इतकी कोरडी होते की आठवड्यातून दोनदा पुष्कळ झाले, आणि ज्यांची त्वचा त्या दिवसांत फुटते त्यांनी ते पूर्ण थांबवावे. एप्रिल-मेमध्ये घाम येतो म्हणून लोक प्रमाण वाढवतात, पण त्या महिन्यांत दुपारची हवा कोरडीच असते, त्यामुळे एक दिवसाआड याच्या पुढे जाऊ नये.

मुरुमांसाठी अडॅपलीन, ट्रेटिनॉइन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड चालू असेल, तर त्या रात्री विच हेझल लावू नये. दोन्हींनी मिळून त्वचा सोलपटून निघते. पू असलेल्या किंवा दुखऱ्या गाठींवर ते लावत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवावे. बाटली न्हाणीघरातील वाफेपासून दूर, झाकण घट्ट लावून ठेवावी आणि वास किंवा रंग बदलला की टाकून द्यावी.